चित्रातून गाळलेला कठडा

“चित्रात गच्चीला कठडा काऊन नाही काढला, बाई? मिस्त्री नकाशा नाही वाचत, चित्र पाहून बांधते,” ऑफिसातले म्हातारे ईश्वरदासजी म्हणाले होते. मी हसण्यावारी नेलं. मी आखलेल्या नकाशात कठडा होताच. नवं घर मोकळं, मॉडर्न दिसावं म्हणून हाताने रंगवलेल्या चित्रातून तेवढा गाळला. आज आमगावहून त्या घराच्या मालकिणीचा फोन आला. “मॅडम, हुबेहूब तुमच्या चित्रासारखं बांधलं! कालच राहायला आलो.” “आणि गच्चीचा कठडा?” “कायचा कठडा? चित्रात कुठे होता? आमची नीतू वरच उन्हात झोपून राहिली. आता आता रांगायले लागली पोट्टी, मॅडम!” माझं रांगतं बाळ मी पायाला धरून जवळ ओढलं. “ताई, आधी तिला खाली...” लाइन कटली. तेव्हापासून फोन कोणी उचलत नाही. आमगावात असाल तर धावत जा; स्टेशनमागचं पांढरं घर. नीतू कुठे आहे, पाहा.