सात खुणांची यादी

सातवी खूणही जुळली तेव्हा मॅनेजरने यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली.

यादी काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवलेली होती. देहविक्रीविरुद्धचा नवा कायदा आला तेव्हा पोलिसांनी शहरातल्या सगळ्या लॉजवाल्यांना बोलावून ती वाटली होती. बाई एकटी. सामान नाही. खोली फक्त दिवसापुरती. जिन्याजवळचीच हवी. साफसफाईला कुणी यायचं नाही. पुरुष एकेकटे येतात. आणि सातवी, अर्ध्या तासाने मान खाली घालून जातात.

नऊ नंबरच्या बाईकडे एक जाडजूड पिशवी तेवढी होती. सकाळपासून तिच्याकडे तिघे जाऊन आले होते. तिसरा तर इतकी मान खाली घालून उतरला की दाराऐवजी काचेवरच आपटला.

"लावा की फोन," झाडलोट करणारी मावशी म्हणाली. "तुम्ही आत गेलात तर नव्या मॅनेजरला चहा कसा लागतो ते मला पहिल्यापासून शिकावं लागेल."

"तू तुझं काम बघ."

"काम काय बघू? चादरी पार विरल्यात. आधी दर महिन्याला खरेदीला म्हणून शेजारच्या शहरात धावायचात. आता चार महिने हलला नाहीत."

"वेळ कुठे मिळतो," मॅनेजर म्हणाला आणि फोन उचलला.

नव्या कायद्यात बाईला शिक्षा नव्हती. तिच्याकडे जाणाऱ्याला होती आणि जागा देणाऱ्याला होती. मॅनेजरला सगळी कलमं तोंडपाठ होती. दंड किती, कैद किती, नोटीस घरी कधी येते आणि कामाच्या जागी कधी, सगळं. यादी वाटली त्या प्रशिक्षणात इन्स्पेक्टर मॅडमनी भर सभेत त्याचं कौतुक केलं होतं, "आमच्यापेक्षा यांचा अभ्यास जास्त!" सगळे हसले होते. तो मात्र कानापर्यंत लाल झाला होता.

पोलीस तासाभरात येतो म्हणाले.

एक ते दोन तो रोज जेवायला घरी जात असे. आज पोलीस येईपर्यंत वर कोण जातं ते त्याला लपून बघायचं होतं. त्याने मावशीला काउंटरवर बसवलं, कुणी विचारलं तर मी जेवायला गेलोय म्हणून सांग असं बजावलं, आणि मागच्या चादरींच्या खोलीत दार किलकिलं करून बसला.

सव्वा वाजता जो माणूस आत आला तो त्याचा दादा होता.

दादा शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला. वडील गेल्यावर त्यानेच धाकट्याला वाढवलं, नाकासमोर चालायला शिकवलं. गेल्या आठवड्यात मॅनेजर बँकेत गेला होता, तेव्हा दादानेच तासभर काउंटर सांभाळलं होतं आणि बसल्या बसल्या रजिस्टरमधलं शुद्धलेखन लाल पेनाने सुधारून ठेवलं होतं. सवय जात नाही, म्हणून मॅनेजर तेव्हा हसला होता.

"हा जेवायला गेला ना?" दादाने मावशीला विचारलं.

"गेले."

"बरं. नऊ नंबर कुठे?"

मावशीने जिन्याकडे बोट दाखवलं. दादा कठड्याला धरून सावकाश वर गेला.

मॅनेजरने दार आतून लोटून घेतलं. बरोबर आपल्या जेवणाची वेळ साधून आला! या वयात! म्हणजे हे आपल्या रक्तातच आहे की काय, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःचीच किळस वाटली.

वर जाऊन दार वाजवायचं, दादाला मागच्या जिन्याने काढून द्यायचं. दोन मिनिटांचं काम होतं. तो उठला, जिन्यापर्यंत गेलाही. पण दार उघडल्यावर दादाच्या तोंडाकडे बघायचं कसं? पहिल्या पायरीवर ठेवलेला पाय त्याने मागे घेतला. भित्रा कुठला, असं स्वतःलाच म्हणत तो तिथेच उभा राहिला.

पोलिसांची गाडी आली तेव्हाही तो तिथेच होता. इन्स्पेक्टर मॅडमनी त्याला पुढे घातलं आणि नऊ नंबरचं दार वाजवलं.

दार लगेच उघडलं. पलंगावर फायली पसरल्या होत्या. खुर्चीच्या पाठीवर काळा कोट लटकत होता.

"वकीलबाई? तुम्ही इथे?" इन्स्पेक्टर मॅडमनी विचारलं.

"माझ्या ऑफिससमोर शाळा आहे," बाई शांतपणे म्हणाली. "या कायद्याखाली नोटीस आलेला माणूस तिथला जिना चढत नाही, लाजेने अर्धा होतो. म्हणून मी अशी कुठेतरी खोली घेते. सल्ला घेणं अजून गुन्हा नाही ना?"

मॅडमना हसू आलं. मग त्यांची नजर पलंगाच्या कडेला बसलेल्या म्हाताऱ्यावर गेली आणि हसू विरलं.

"सर?"

दादाच्या मांडीवर एक खाकी पाकीट होतं. वरचं नाव त्याने तळहाताने झाकलं होतं.

"सर, तुम्ही मला सातवीत शिकवलंय," मॅडम हळूच म्हणाल्या. "ही नोटीस... तुम्हाला?"

दादाने दारात उभ्या असलेल्या धाकट्या भावाकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "माझीच आहे."

वकीलबाईंनी काही बोलायला तोंड उघडलं, मग फाइलीत डोकं घातलं. मॅडम कुणाकडेही न बघता खाली उतरून गेल्या.

दादा उठून बाहेर आला. आता जिन्यात दोघे भाऊच होते. मॅनेजरला मान वर करता येईना. दादाने ते पाकीट त्याच्या हातात कोंबलं. पत्ता लॉजचा होता आणि नाव मॅनेजरचं.

"लाल पेन शोधताना सापडलं," दादा म्हणाला. "खणाला कुलूप लावत जा."