घाम पुसणारा हात

"मॅडम, शिदूमामांचा हात परत घाम पुसतोय बघा," केबिनच्या काचेतून खाली बघत इर्शाद म्हणाला.

फौंड्रीत माणसं म्हणून आता हा मेकॅनिक आणि सुपरवायझर सुलक्षणा मगदूम एवढीच उरली होती. बाकी सगळे रुळांवरून फिरणारे पोलादी हात. त्यांना काम शिकवलं होतं कामगारांच्याच हातमोज्यांनी. मोजे सुरक्षेसाठी आहेत, असं सुलक्षणानं तेव्हा सांगितलं होतं. मोज्यांनी एकेकाची हालचाल टिपून घेतली आणि मग माणसांना घरी पाठवलं. म्हणून तर शिदूमामांकडून शिकलेला हात कपाळ नसतानाही घाम पुसायचा, दुसरा तंबाखू मळायचा आणि ती मागे जाऊन उभी राहिली की सगळेच काम ढिलं सोडायचे.

"माणसं परवडली," ती करवादली. "यांना ओरडावं तर कानच नाहीत."

तेवढ्यात सगळे हात एकदम थांबले. एकानं हातोडा उचलून रुळावर हाणला. ठण्ण. मग दुसऱ्यानं. त्या तालावर सगळे केबिनकडे सरकू लागले.

सुलक्षणा काचेपासून मागे सरली. हा ठेका तिनं ऐकलेला होता.

"मॅडम," इर्शादनं विचारलं, "कामगारांनी केबिनला घेराव घातला त्या दिवशी त्यांच्या हातांत मोजे होते?"

होते. काढून घ्यायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

शिदूमामांचा हात काचेसमोर येऊन थांबला. त्यानं शांतपणे घाम पुसला आणि हातोडा वर नेला.

त्या दिवशी, नेमक्या याच क्षणी, पोलिसांनी मामांचं मनगट धरलं होतं.