आधी बेट, मग घर

"पायाखाली बघून चाल गो बाय, शेवाळ हाय," गोदूमावशी पुढून ओरडली, तोवर नेत्रा एकदा घसरून सावरलीसुद्धा होती.

आईबरोबर होडीतून उतरल्या उतरल्या तिने न्यायला आलेल्या धनेशला सांगून टाकलं होतं, आधी बेट बघू, मग घर. अख्खं बेट, पायी. पर्यटकांना उंडबेट फिरवणं हेच खरं तर धनेशचं काम. पण आज त्याने शेजारच्या गोदूमावशीला बरोबर दिलं.

"मी असलो तर तुम्हाला मोकळेपणी बोलता येणार नाही," तो म्हणाला. हे नेत्राला आवडलं, पण तिने तसं दाखवलं नाही.

स्थळ भागोजीमामांनी सुचवलेलं. माणसं चांगली, वाडी चांगली, चार खोल्या पाहुण्यांना दिलेल्या. अडचण एकच, चारी बाजूंनी पाणी. तळा गावात जन्म गेलेल्या माणसाला समुद्र म्हणजे सुट्टीत श्रीवर्धनला जाऊन भेळ खाता खाता बघायची गोष्ट. त्याच्या मधोमध संसार मांडायचा म्हणजे काय, ते नेत्राला कळत नव्हतं. आणि संध्याकाळच्या होडीआधी हो की नाही ते तिनेच सांगायचं होतं.

"तुला पटलं तरच," निघताना आई म्हणाली होती. "नाही म्हणालीस तर मी परत विषय काढणार नाही."

वाट पश्चिमेच्या कड्याकडे वळली आणि दोघी मायलेकी जागीच थबकल्या. काळा कातळ लाटांनी कोरून कोरून मधाच्या पोळ्यासारखा केला होता आणि प्रत्येक भोकात पाण्याबरोबर आभाळाचा एकेक तुकडा साठला होता. खाली लाट आत शिरायची, क्षणभर गप्प, मग कातळाच्या पोटातून हुंकार यायचा. वर केवड्याचं बन. त्यावरून एक समुद्री गरुड पायात मासा धरून, कसली घाई नसल्यासारखा निघाला होता.

सुचिताने, नेत्राच्या आईने, चपला काढून हातात घेतल्या, ठेवणीतल्या साडीच्या निऱ्या वर खोचल्या आणि ती पुढे चालू लागली. आईला एवढं भरभर चालताना नेत्राने बाबा गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

"लोकं हितं येऊन समिंदर बगतात," गोदूमावशी म्हणाली. "तू मगापासून इहिरी बगतेस, दवाखाना कुटं म्हनून इचारतेस. मला कोनी काय सांगितलं न्हाय, पन माजं डोळं काय फुटलं न्हाईत. घर बगायला आलीस, व्हय ना?"

"व्हय," नेत्रा हसली. "धनेश स्वभावाला कसा आहे, मावशी?"

"मुलखाचा गरीब. कोंबडीला हाकलतो तोबी बाजूला हो म्हनून."

"आणि घरात बाईमाणूस?"

"त्याची आय जाऊन साताठ वर्सं झाली. बापलेक मिळून भात करपवतात."

सुचिताला एकाएकी एक शिंपला फार बघण्यासारखा वाटला.

"आन तू हिकडं आलीस म्हंजे आयचं काय?" गोदूमावशीने आवाज खाली आणला.

"आईचं काय, त्याचाच तर विचार चाललाय."

कडा उतरून वाट पोफळीच्या वाडीत शिरली. एकदम गारवा. समुद्र दिसेना, नुसता ऐकू येई. माणसाहून थोडी उंच, सडसडीत झाडं रांगेने उभी.

"चक्रीवादळात बाळाजीची सगळी पोफळं आडवी झाली," मावशी म्हणाली. बाळाजी म्हणजे धनेशचा बाप. "लोकं म्हनली, इक नि जा मुंबईला. ह्या वयात लावायची ती फळ कोनी खायाला? तरी लावलीच. औंदा सुपारीचा पयला शिपटा धरलाय बग."

सुचिता एका झाडाला हात लावून उभी राहिली. नेत्राने हाक मारली, तरी थोडा वेळ हलली नाही.

घराच्या ओटीवर बाळाजी नव्या सदऱ्यात बसले होते. दुकानातल्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. धनेशने कोकम सरबत आणलं. नेत्राने पेला बाजूला ठेवला.

"पावसात होडी बंद असते. तेव्हा कुणी आजारी पडलं तर?"

"कोळ्यांचा मोठा मचवा येतो," बाळाजी म्हणाले. "मागच्या जुलैत गोदूलाच नेली, ताडपत्रीत गुंडाळून."

"वाटभर शिव्या देत व्हते," गोदूमावशी पायरीवरून अभिमानाने म्हणाली.

"आणि तळ्याला जावंसं वाटलं तर?"

"मी स्वतः सोडून येईन. परत कधी न्यायला यायचं, ते तिकडून कळवायचं."

नेत्रा धनेशकडे वळली. "घरात भांडण झालं तर बाजू कुणाची घेणार?"

"ज्याचं चुकलं नसेल त्याची," धनेश म्हणाला. "म्हणजे बाबांची नाही, एवढं आत्ताच सांगतो."

बाळाजी कसनुसं हसले. सुचिता खाली मान घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"अगो, पन तूच काय बोलतेस?" गोदूमावशीला राहवेना. "आयला बोलू दे की! आमच्यात मुलीकडचं मोठं मानूस नारळ हातावर ठेवतं, म्हंजे दिली. नवरीनं मदी तोंड घालायचं नसतं."

 सगळे सुचिताकडे बघू लागले. तिने पिशवीत हात घातला, नारळ काढला, पदराने पुसला. मग लेकीकडे बघितलं. नेत्राने मान हलवली.

सुचिताने नारळ लेकीच्या हातात दिला.

नेत्रा उठली, ओटी ओलांडून पलीकडे गेली आणि तिने तो बाळाजींच्या ओंजळीत ठेवला.

"काका," ती म्हणाली, "आमची आई दिली तुम्हाला."