बिनदाराचं घर

कुलूपवाला पुन्हा मेला. पडद्यावर त्याचा माणूस वेशीपाशी आडवा झाला आणि लगेच विहिरीजवळ नव्याने उभा राहिला. तिथून गावात शिरायला जावं, तर वेशीवर जुने गडी तलवारी उपसून तयारच. दिसेल त्या नवख्याला कापायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

त्यांचा राग काही खोटा नव्हता. हा खेळ वर्षानुवर्षं एकट्याने खेळायचा होता. आपलं एक जग, त्यात हळूहळू बांधलेलं आपलं घर, आणि दार लावून घेतलं की कुणाची कटकट नाही. यंदा कंपनीने सगळ्यांची जगं एकमेकांना जोडली. सगळे आता एकच कुटुंब म्हणे, म्हणून घरांची दारंही काढून टाकली. चाहत्यांनी शिव्यांची लाखोली वाहिली, विनवण्या केल्या, काहींनी जुन्या डिस्क मोडून तुकड्यांचे फोटो टाकले. कंपनी ढिम्म हलली नाही.

कुलूपवाल्याला या भांडणाचं सोयरसुतक नव्हतं. त्याचा मुलगा भिंतीपलीकडच्या खोलीत होता. आई गेली तेव्हा त्याने आतून कडी लावली, ती लावलीच. एक दिवस बापाचा धीर सुटला. लोकांची दारं उघडण्यात ज्याची हयात गेली, त्याला ते दार म्हणजे हातचा मळ. हत्यारं लावून त्याने ते उघडलं आणि पोराला दंडाला धरून बाहेर ओढलं. पोरगा ओरडलासुद्धा नाही. उलट्या पावली आत गेला, पुन्हा कडी लावली आणि त्यानंतर बापाशी एक अक्षर बोलला नाही. दाराबाहेर ठेवलेलं ताट तेवढं रिकामं होऊन मिळायचं. कालपासून तेही भरलेलंच होतं.

अशात दुपारी लेकीचा फोन आला. ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहायची.

"बाबा, त्या खेळाच्या चाहत्यांच्या गटात दादाने लिहिलंय. एकलकोंडा या नावाने लिहितो तो. 'न विचारता कुणी आत येत नाही अशी एवढी एकच जागा माझ्याकडे होती. आता तीही गेली. आता मला कुठेच राहायचं नाही.' असं लिहिलंय, बाबा."

कुलूपवाल्याचा हात आपोआप हत्यारांच्या पिशवीकडे गेला. तिकडे लेकीला पिशवीचा खणखणाट ऐकू आला असावा.

"ठेवा ते खाली! पुन्हा दार फोडलंत तर कायमचा जाईल तो."

"मग मी करू तरी काय? हातावर हात ठेवून बसू?"

"मी आता गाडीत बसतेय, पोचेपर्यंत संध्याकाळ होईल. तोवर तो जिथे आहे ना, तिथे जा तुम्ही. खेळात टेकडीवरचं घर त्याचं आहे."

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तसा हा खेळ. लेकीने फोनवरून एकेक बटण सांगत तो तिच्या जुन्या लॅपटॉपवर सुरू करून दिला आणि ती गाडी पकडायला धावली. तेव्हापासून कुलूपवाला मरत होता. उलटा वार कसा करायचा हे त्याला ठाऊक नव्हतं आणि शिकायला वेळ नव्हता. शेवटी वेशीवरचे गडीच कंटाळले. "सोडा रे, याला धड पळताही येत नाही," असं एकाने लिहिलं आणि त्यांनी वाट दिली.

टेकडीवर चढताना तो दोनदा खड्ड्यात पडला. मग घर दिसलं. दाराच्या जागी नुसती चौकट होती. अनोळखी माणसं आत-बाहेर करत होती, कुणी दिवा नेत होता, कुणी खुर्ची. कुलूपवाला चौकटीत जाऊन आडवा उभा राहिला. त्यांनी त्याला कापलं. तो विहिरीपासून पुन्हा चालत आला आणि पुन्हा उभा राहिला. असं किती वेळा झालं कुणास ठाऊक. नेण्यासारखं काही उरलं नाही तशी गर्दी पांगली. हा मात्र बाहेर तोंड करून तसाच उभा.

मग आतून काळा अंगरखा घातलेला एकजण आला. डोक्यावर नाव होतं, एकलकोंडा. पडद्यावर अक्षरं उमटली.

"तू कशाला थांबलास? शिर की आत. सगळे शिरले."

कुलूपवाल्याने एक बोट उगारलं. उभा जन्म चाव्यांच्या बारीक खाचा बघण्यात गेला, पण 'ण' कुठे लपलाय ते काही त्याला सापडेना. चावीवर कानस मारावी तसा तो एकेका अक्षरावर जोर देत होता. टक. टक. भिंतीपलीकडून तेवढी बटणांची खडखड ऐकू येत होती.

"मी आत येणार नाही."

"का? दार तर नाहीच आहे."

त्याचे डोळे भरून आले आणि अक्षरं पुसट झाली. तरी त्याने चाचपडत लिहिलं.

"दार नसलं तरी विचारावं लागतं. मला उशिरा कळलं."

काळा अंगरखा जागच्या जागी थांबला. भिंतीपलीकडची बटणांची खडखडही थांबली. कुलूपवाला पडद्याकडे डोळे लावून बसला. आपण वेड्यासारखं काय लिहून बसलो, एवढा एकच रस्ता उरला होता, आता पोरगा तोही बंद करणार, या भीतीने तो लिहिलेलं खोडायचं बटण शोधू लागला.

पडद्यावर काहीच उमटलं नाही. आवाज आला तो भिंतीपलीकडून, घोगरा, कित्येक दिवस न वापरलेला.

"मग विचारा ना, बाबा."