दगडूची खोली

"खोली हवेशीर आहे," सुभद्रा म्हणाली आणि कुलूप काढून उंबरठ्याबाहेरच थांबली. "कोपऱ्याची आहे. परळात अशी मागून मिळायची नाही."

तिची थोरली जाऊ रमाबाई डोक्यावरचं बोचकं सावरत आत शिरली. मागून धोंडूभावजी, आणि त्यांच्या मागे ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो त्यांचा मुलगा, दगडू.

शिमग्याला चाळीतली निम्मी माणसं कोकणात गेली होती आणि ही तिघं उलटी कोकणातून बोटीने आली होती. गाठीच्या तापाचं ते तिसरं वर्ष. लोक मुंबई सोडून पळत होते, गिरण्यांना माणसं मिळत नव्हती. सुभद्राच्या खाणावळीत जेवणाऱ्या गिरणीतल्या मुकादमाने, जॉबरने, तिच्या शब्दावर दगडूला साचेखात्यात, मागावर, घेतलं होतं. सण झाला की तो कामावर जाणार होता. आईबाप त्याची चूल मांडून द्यायला आले होते.

"तापाची साथ आहे म्हणतात गो," रमाबाई म्हणाली.

"ती तिकडे, मांडवीकडे. इथं काही नाही."

"आणि ही वाकळ कुणाची?"

"आधीच्या भाडेकरूची. गावी गेला तो. घेऊ दे दगडूला, उबदार आहे."

आधीचा भाडेकरू गावी गेला नव्हता. काखेत गाठ येऊन तो याच वाकळीवर गेला होता. तपासणीवाले येऊन चाळ रिकामी करतील या भीतीने लोकांनी दमा म्हणून सांगून त्याला उचलला होता. त्याआधी पोटमाळ्यावरून उंदीर पडत होते. आधी उंदीर पडतात, मग माणसं पडतात, हे सुभद्राने दोन साथींत नीट पाहून ठेवलं होतं. खोलीची किल्ली मालकाने तिच्याकडे दिली होती. तिने भिंतींना चुना लावला नव्हता, कौलं काढून ऊन आत घेतलं नव्हतं, आणि वाकळही जाळली नव्हती.

रमाबाईचा निरोप नेमका तेव्हाच आला होता. 'मुलाला मुंबईत ठेवायचा आहे, तुझ्याजवळच ठेवायचा आहे.'

सुभद्राला तो निरोप वाचून दाखवला तेव्हा ती हसली होती. तिची पहिली दोन पोरं पाळण्यातच गेली. तिसरा अंगावर पीत होता, तेव्हा घरात देवी आल्या. नवरा गेला. ती शुद्धीवर आली तेव्हा दारात उभी राहून जावेने सांगितलं, "पोर गेलं." पोराचं तोंडही दाखवलं नाही. तिला नीट चालता येत नव्हतं, तशीच तिला पांढऱ्या पायाची म्हणून बोटीत बसवून दिली. नंतर वर्षभराने गाववाल्यांकडून कळलं की वांझ म्हणून हिणवलेल्या जावेला मुलगा झाला. पुढे जाऊ दर भातकापणीला तांदूळ धाडायची. सुभद्रा ते दारच्या भिकाऱ्यांना वाटून टाकायची.

"पोरगा वयाच्या मानाने थोराड दिसतो," ती आता दगडूकडे पाहत म्हणाली. "नाक मात्र आपल्या कदमांचंच."

"कदमांचंच," रमाबाई म्हणाली आणि जमीन सारवायला बसली.

दिवसभर तिने चूल घातली, मडकी मांडली. भावजींनी फळी ठोकली. सुभद्रा येऊन-जाऊन दारातून विचारपूस करत राहिली.

"पोरगा तुझ्याच हातचं जेवील ना गो?"

"खाणावळच आहे माझी. त्याला एक पान जास्त मांडायला काय लागतं?"

"तिखट सोसत नाही त्याला."

"मुंबई शिकवील सोसायला."

निजायला मात्र सुभद्राने जावेला आणि भावजींना खाणावळीच्या ओट्यावर बोलावलं. जाऊ तिला जिवंत हवी होती. पोर गेल्यावर रिकाम्या घरात दिवस कसा ढकलायचा, हे जावेने शिकायला हवं होतं.

सकाळी दगडू दंड खाजवत आला. "काकी, तुझ्या मुंबईत माणसांपेक्षा पिसवा जास्त!"

"नव्या रक्ताला लागतात. सवय होईल."

होळी पेटली, पुरणपोळ्या झाल्या. निघताना बंदरावर रमाबाईने तिचे दोन्ही हात धरले आणि रडू लागली.

"सुभद्रे, माझ्याबद्दल मनात काही ठेवू नको."

"काही ठेवलं नाही, जाऊबाई. तुमचं तुम्हाला पोचतं करीन."

"दगडूला जप."

"तुम्ही मला जपलंत तसाच जपीन."

दगडू कामावर जाऊ लागला. पहिला आठवडा सरायच्या आतच एका संध्याकाळी तो पाय ओढत खाणावळीत आला. बाकीची माणसं जेवून गेली होती.

"पाय का ओढतोस?"

"जांघेत अवधाणाची गाठ आलीय. दिवसभर साच्यापाशी उभं राहायचं, त्यानं असेल."

सुभद्राने मान हलवली. छातीत इतकी वर्षं अडकलेलं काहीतरी सुटल्यासारखं तिला वाटलं. तिने त्याच्या भातावर तुपाची धार धरली आणि पहिल्यांदाच त्याच्यासमोर बसली.

त्याने घास घेतला नाही. "आता सांगायला हरकत नाही. आये म्हणाली होती, 'आम्ही घरी पोचेस्तोवर बोलू नको, तिच्यासमोर उभं राहायचं मला धाडस नाही.'"

"कसलं धाडस?"

"देवीच्या तापात तू पडलीस, तेव्हा भगतानं सांगितलं, 'हिची दोन गेली, हाही जाणार. दुसरीनं सुपातल्या कोंड्यावर विकत घेतला, दगडाधोंड्याचं नाव ठेवलं आणि पोर गेलं असं हिला खरंच वाटलं, तरच वाचेल. मिसरूड फुटेस्तोवर हिची नजर याच्यावर पडता कामा नये.' म्हणून आयेनं तुला घराबाहेर काढलं. भातकापणी आली की रडायची." तो पानावरून उठला आणि वाकून त्याने तिच्या पायांवर कपाळ टेकलं. ते चटका बसावा इतकं तापलं होतं. "यंदा मात्र बाबांना म्हणाली, आता हा जगला, आता याला त्याच्या आईकडे नेऊन ठेवू या."