ओला काठ

“फेस्टी, पुरे झालं. उतर आता.”

“कसा उतरू? रंगाचा काठ ओला आहे तोवरच पुढचा पट्टा जोडावा लागतो. एकदा सुकला की रेघ उठते.”

डिलियाने शिडी घट्ट धरून ठेवली होती. दोन शिड्यांवर टाकलेल्या फळीवर उभा राहून तिचा बाहत्तर वर्षांचा नवरा स्वयंपाकघराच्या लाकडी छताला पांढरा ऑइलपेंट देत होता. महिन्यापूर्वी हाच माणूस चक्कर येऊन गोठ्यात कोसळला होता. मान वर करून काम करायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण ऐकेल तो फेस्टी कसला!

उद्या सकाळच्या मिस्साची, म्हणजे फादरनी घरी येऊन करायच्या उपासनेची, पाळी त्यांच्या घराची होती. वाडीतल्या प्रत्येक घरावर ही पाळी काही वर्षांनी येतेच. फादर येतात, चाळीस माणसं स्वयंपाकघरात दाटीवाटीने उभी राहतात आणि प्रार्थनेत डोळे मिटायचे सोडून छत बघतात. गेल्या वर्षी केटी लॅव्हेलच्या छतावर अशीच एक रेघ राहिली होती. बिचारीला लोक अजून त्या रेघेवरून ओळखतात.

“अर्धं चकचकीत, अर्धं धुरकट, असं छत दाखवू फादरना? नाक कापलं जाईल माझं!”

“नाक कापलं तर चालेल रे. मान मोडली तर?”

“तू खालचा डबा सांभाळ. माझं मी बघतो.”

तो पुन्हा रंगवू लागला. डिलियाची नजर त्याच्या पायांवर होती.

मग ब्रश थांबला. फेस्टी एक पाऊल डगमगला आणि त्याने डावा पंजा ओल्या रंगावरच टेकवला, सबंध भार देऊन. डिलियाने ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज ऐकून तो दचकला तर खाली पडेलच, म्हणून तिने ओठ आवळले. पाचही बोटं छतावर उमटली होती. थोड्या वेळाने त्याने त्यांच्यावरून भराभर ब्रश फिरवला, जणू काही झालंच नव्हतं.

“रंग दे,” त्याने फळीवरचं रंगाचं छोटं भांडं खाली केलं. आवाज जड येत होता.

अर्धा भरलेला डबा तिच्या पायाशी होता. फरशीवर कालच नवं लिनोलियम अंथरलं होतं. तिने डबा उचलला आणि त्यावर हळूच, आवाज न करता, पार उपडा केला.

“रंग संपला, फेस्टी.”

“संपला? आत्ता तर अर्धा डबा होता!”

“संपला म्हटलं ना. दुकानही बंद झालंय. ये खाली. डावा पाय आधी. हं. आता उजवा.”

तो शेवटच्या पायरीवर आला आणि त्याला ते पांढरं तळं दिसलं. टेबलाच्या पायांपर्यंत गेलेलं.

“डिलिया! अगं, काय केलंस हे? उद्या लोकांना काय सांगू मी?”

डिलियाने त्याला कमरेशी कवटाळलं होतं. सोडायचं म्हटलं तरी तिचे हात सुटत नव्हते.

“सांग, बायको वेंधळी आहे,” ती रडत म्हणाली. “विधवा नाही, वेंधळी.”