पाडून दाखवा

“पडला तरी या लॅपटॉपला काही होत नाही,” दुकानदार म्हणाला.

“मग पाडून दाखवा,” वळवीबाई म्हणाल्या.

उद्या त्या होडीनं, मग पायी, सातपुड्यातल्या चार पाड्यांवर शिकवायला निघणार होत्या. गेल्या वर्षी पहिल्याच चढणीवर पाय घसरून पाठीवरचा लॅपटॉप फुटला होता. डोंगर उतरून आलेली पोरं काळ्या पडद्याकडे बघत बसली आणि तशीच परत गेली.

दुकानदारानं लॅपटॉप छातीएवढा उंच धरला. मग डोळे मिटून सोडून दिला.

फरशीवर धाडकन आवाज झाला. बाईंनी बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं, आणि पडद्यावर उजेड आला.

“हाच द्या,” त्या म्हणाल्या.

दुकानदारानं कपाळ पुसलं. “खरं सांगू बाई? पडूनही चालतो, हे मलाही आत्ताच कळलं.”